सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील अनुभवाधिष्ठित मूल्यमापन

संगणकाच्या आज्ञावली तयार करण्याच्या व तपासण्याच्या निरनिराळ्या पद्धतींचे गुणावगुण केवळ तर्काने किंवा अधिकारी व्यक्तींच्या मताने न ठरविता निरीक्षण, मोजमाप व प्रयोग यांच्या आधारे ठरविण्याच्या अभ्यासास अनुभवाधिष्ठित मूल्यमापन असे म्हणतात. एखादी नवी पद्धत स्वीकारल्याने दोष खरोखरच कमी होतात काय, कामाचा वेळ व खर्च यांचा आगाऊ अंदाज कितपत विश्वसनीय असतो, तयार झालेली आज्ञावली प्रत्यक्ष वापरात अपेक्षेप्रमाणे वागते काय, हे या अभ्यासातील मुख्य प्रश्न होत. नियंत्रित प्रयोग, एका प्रकल्पाचा सखोल अभ्यास, अनेक प्रकल्पांची पाहणी आणि समान कसोट्यांवरील तुलना या त्याच्या प्रमुख पद्धती आहेत. प्रस्तुत नोंदीत या पद्धतींचा परामर्श पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात घेतला आहे. यंत्रभागांच्या गुणवत्ता नियंत्रणाची जुनी परंपरा आणि आज्ञावलींच्या मूल्यमापनाची तुलनेने नवी शाखा या पट्ट्यात एकाच वाहनाच्या निमित्ताने एकत्र येतात व त्यामुळे दोहोंतील फरक येथे विशेष स्पष्ट होतो.

पार्श्वभूमी : ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे नाटो संघटनेच्या विज्ञान समितीने भरविलेल्या परिषदेमुळे रूढ झाली. मोठ्या आज्ञावली ठरल्या वेळी व ठरल्या खर्चात पुऱ्या होत नाहीत आणि पुऱ्या झाल्यावरही त्यांत दोष राहतात, ही त्या परिषदेतील मुख्य चिंता होती. त्यानंतरच्या काळात नव्या भाषा, नव्या रचनापद्धती व नवी साधने विपुल प्रमाणात पुढे आली. मात्र त्यांच्या उपयुक्ततेविषयीच्या दाव्यांना पुराव्याची जोड क्वचितच मिळाली. १९९५ मध्ये सु. ४०० संशोधनलेखांची छाननी प्रसिद्ध झाली. ज्या लेखांतील विधानांना प्रायोगिक पुराव्याची आवश्यकता होती, अशा संगणकशास्त्रीय लेखांपैकी सु. ४० टक्के लेखांत तो मुळीच नव्हता, असे तीत आढळले. १९९६ पासून या विषयाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक निघू लागले आणि २००४ मध्ये वैद्यकातील पुराव्यावर आधारलेल्या उपचारपद्धतीच्या धर्तीवर या क्षेत्रातही उपलब्ध पुराव्याचे पद्धतशीर संकलन करावे, असा विचार मांडला गेला. तत्पूर्वी अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गॉडर्ड केंद्रात १९७६ मध्ये स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी प्रयोगशाळेने उपग्रहांच्या आज्ञावलींविषयी सु. पंचवीस वर्षे सातत्याने नोंदी ठेवल्या होत्या. मोजावयाचे काय, हे आधी उद्दिष्टावरून व त्यातून निघणाऱ्या प्रश्नांवरून ठरवावे आणि मगच मोजमाप हाती घ्यावे, ही आता सर्वमान्य झालेली शिस्त मुख्यतः त्या प्रयोगशाळेशी संबंधित संशोधकांच्या कामातून रुजली.

औद्योगिक पट्टा व गुणवत्तेची परंपरा : पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या भागांत वाहने, यंत्रे व सुटे भाग यांचे कारखाने झपाट्याने वाढले. पुढे हा विस्तार चाकणपर्यंत पोहोचला. लगतच्या हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञानाची वसाहत झाली आणि वाहनांच्या आज्ञावली लिहिण्याचे व तपासण्याचे बरेच काम या परिसरात होऊ लागले. मोटारगाडीत इंधन केव्हा व किती सोडावयाचे, ब्रेकचा दाब चाकांवर कसा विभागावयाचा, सुरक्षा पिशवी केव्हा फुगवावयाची, यांसारखे निर्णय आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांतील आज्ञावली घेतात.

या पट्ट्यातील कारखान्यांना यंत्रभागांच्या तपासणीचा दीर्घ अनुभव आहे. भारतात या विषयाचा पाया घालण्यात प्रशांतचंद्र महालनोबीस व त्यांनी १९३१ मध्ये स्थापन केलेली भारतीय सांख्यिकीय संस्था यांचा मोठा वाटा आहे. गुणवत्ता नियंत्रणाच्या सांख्यिकीय पद्धतीचे आद्य प्रवर्तक वॉल्टर शूहार्ट हे १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले होते. क्रँकशाफ्टच्या एका खेपेतून काही नग यदृच्छ निवडावयाचे, मायक्रोमीटर व गेज यांनी त्यांची मापे घ्यावयाची आणि त्यांवरून संपूर्ण खेपेविषयी अनुमान काढावयाचे, ही रीत येथील सामान्य तपासनिसालाही परिचित आहे.

नमुन्याचा प्रश्न : हीच रीत आज्ञावलीला लावू गेल्यास एक मूलभूत अडचण उद्‌भवते. यंत्रभागांच्या बाबतीत प्रत्येक नग दुसऱ्यापासून किंचित वेगळा असतो. हत्यार झिजते, धातूचा कस बदलतो, कारागीर बदलतो. म्हणून नमुना नगांचा घ्यावा लागतो. आज्ञावलीची मात्र प्रत्येक प्रत दुसरीशी तंतोतंत जुळते. एका मोटारीतील नियंत्रकात जो दोष असेल तो त्याच आवृत्तीच्या लाखो मोटारींत असतो. शंभर मोटारी तपासून एका मोटारीपेक्षा अधिक काही कळेलच असे नाही. आज्ञावलीत दोष प्रकट होतो तो विशिष्ट परिस्थितीत, म्हणजे वेग, तापमान, चढ, चालकाच्या सवयी यांच्या एखाद्या विशिष्ट संयोगात. त्यामुळे येथे नमुना नगांचा नव्हे, तर परिस्थितींचा घ्यावयाचा असतो. मूल्यमापनाचे मोल तपासलेल्या नगांच्या संख्येवर अवलंबून नसून तपासणीतील परिस्थिती वापरातील परिस्थितीचे कितपत प्रतिनिधित्व करतात आणि त्या कोणी निवडल्या, यांवर अवलंबून असते. पुढील पद्धतींचा विचार याच कसोटीवर केला आहे.

नियंत्रित प्रयोग : या पद्धतीत एक घटक बदलून बाकीचे शक्य तितके स्थिर ठेवतात. तिचे सामर्थ्य दाखविणारा प्रयोग १९८६ मध्ये जॉन नाइट व नॅन्सी लेव्हसन यांनी प्रसिद्ध केला. विमानासारख्या जोखमीच्या यंत्रात एकच काम करणाऱ्या अनेक आज्ञावली वेगवेगळ्या लोकांकडून स्वतंत्रपणे लिहून घेतल्यास त्यांच्या चुकाही स्वतंत्र असतील व बहुमताने योग्य उत्तर मिळेल, असा समज प्रचलित होता. दोन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या २७ आज्ञावलींना प्रत्येकी दहा लाख कसोट्या देण्यात आल्या, तेव्हा एकाहून अधिक आज्ञावली एकाच वेळी चुकल्याची १,२५५ उदाहरणे मिळाली. चुका स्वतंत्र असत्या तर ही संख्या कितीतरी कमी असती. कठीण जागा सर्वांनाच कठीण वाटते, हा त्यातील निष्कर्ष होय. येथे नमुना दहा लाख परिस्थितींचा होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या पद्धतीच्या दुरुपयोगाचे उदाहरण १९६८ मधील एका प्रयोगाचे आहे. हॅरोल्ड सॅकमन व त्यांचे सहकारी यांनी बारा अनुभवी आज्ञावलीकारांच्या कामाचा वेळ मोजला. सर्वांत मंद व सर्वांत जलद व्यक्तींच्या वेळांतील २८ : १ हे गुणोत्तर त्यातून प्रसिद्धीस आले व पुढे कित्येक वर्षे व्यवस्थापकांच्या तोंडी राहिले. वस्तुतः प्रयोगाचा उद्देश संगणक वापरण्याच्या दोन रीतींची तुलना करणे हा होता. या गुणोत्तरात दोन्ही रीतींनी व वेगवेगळ्या पातळीच्या भाषांत काम करणाऱ्यांचे वेळ एकत्र झाले होते. शिवाय कमाल व किमान यांचे गुणोत्तर व्यक्तींची संख्या वाढेल तसे वाढतच जाते. त्यावरून सर्वसाधारण फरकाविषयी काहीही निश्चित सांगता येत नाही. ज्यासाठी नमुना घेतला नव्हता त्या प्रश्नाचे उत्तर त्यातून काढले गेले, हा यातील दोष होय.

पाहणी : अनेक प्रकल्पांची माहिती गोळा करून तुलना करण्याच्या पद्धतीचे भारताशी संबंधित उदाहरण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. मायकेल कुसुमानो व त्यांचे सहकारी यांनी १०४ प्रकल्पांची पाहणी केली. त्यांपैकी २४ भारतातील होते. ग्राहकाने वापर सुरू केल्यानंतरच्या बारा महिन्यांत दर हजार ओळींमागे आढळलेल्या दोषांचे मध्यक भारतात ०·२६३, अमेरिकेत ०·४०० व जपानमध्ये ०·०२० असे आले. दर महिन्यास एका व्यक्तीमागे लिहिल्या गेलेल्या ओळींचे मध्यक भारतात २०९, अमेरिकेत २७० व जपानमध्ये ४६९ होते. हे आकडे देशोदेशींच्या कौशल्याची गुणपत्रिका म्हणून वाचण्याचा मोह होतो. परंतु तसे करणे युक्त नाही. प्रकल्प यदृच्छ निवडलेले नव्हते. आज्ञावलीची ओळ हे मापही स्थिर नाही; एका भाषेत दहा ओळींत होणारे काम दुसऱ्या भाषेत दोन ओळींत होते आणि अनावश्यक ओळी काढून टाकणारा कुशल माणूस या मापाने कमी उत्पादक ठरतो. तसेच दोष आढळणे हे वापर किती व कसा झाला यावर अवलंबून असते. कमी वापरलेल्या आज्ञावलीत दोष कमी दिसतात. तथापि चाचणी, संरचनेची समीक्षा इ. गोष्टी कोठे किती प्रमाणात केल्या जातात, याचे चित्र म्हणून ही पाहणी मोलाची आहे.

प्रक्रियेची प्रमाणपत्रे : अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने तयार केलेल्या क्षमता-परिपक्वतेच्या प्रतिमानात संस्थांना पाच पातळ्या दिल्या जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या पातळीवरील संस्थांत भारतीय संस्थांची संख्या लक्षणीय होती व परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळविण्यात या पातळ्यांचा मोठा उपयोग झाला. वाहन उद्योगातही पुढे याच स्वरूपाची प्रक्रियामूल्यांकने, तसेच सी भाषेच्या सुरक्षित वापराची मिस्रा नियमावली (१९९८) आणि रस्त्यावरील वाहनांच्या कार्यात्मक सुरक्षिततेचे आयएसओ २६२६२ हे मानक (२०११) प्रचारात आले. या व्यवस्थांमुळे कामाला शिस्त आली, नोंदी राहू लागल्या व चूक कोठे झाली हे शोधणे शक्य झाले. मात्र परिपक्वतेची पातळी वस्तूविषयी नसून वस्तू तयार करण्याच्या रीतीविषयी असते. उत्तम नोंदवह्या असलेल्या स्वयंपाकघरातील पदार्थ चांगलाच असेल असे नाही. तो चाखावा लागतो. पातळी व प्रत्यक्ष दोषसंख्या यांचा संबंध दाखविणारे अभ्यास झाले आहेत. परंतु त्यांतील बहुतेक संस्थांच्या संमतीने व संस्थांनीच पुरविलेल्या माहितीवर आधारलेले आहेत, ही मर्यादा विसरता येत नाही.

समान कसोट्यांवरील तुलना : आज्ञावलीतील दोष ती न चालविता, केवळ तिच्या मजकुराच्या विश्लेषणाने शोधणाऱ्या साधनांची वार्षिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१२ पासून होते. सर्व साधनांना सारख्याच आज्ञावली, सारखाच वेळ व सारखीच स्मृती दिली जाते आणि निकाल सर्वांना पाहता येतात. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्राच्या परंपरेतील संशोधकांनी तयार केलेले ‘व्हेरीॲब्स’ हे साधन २०१९, २०२० व २०२१ या वर्षी या स्पर्धेच्या एका प्रमुख विभागात पहिले आले. या स्पर्धेतील गुणदानाची रीत उद्‌बोधक आहे. निर्दोष आज्ञावलीस योग्य रीतीने निर्दोष ठरविल्यास २ गुण व दोष अचूक दाखविल्यास १ गुण मिळतो. उलट निर्दोष आज्ञावलीवर खोटा आरोप केल्यास १६ गुण आणि सदोष आज्ञावलीस निर्दोष ठरविल्यास ३२ गुण वजा होतात. खोटी ग्वाही ही खोट्या तक्रारीपेक्षा अधिक घातक, हे तत्त्व त्यात आकड्यांनी मांडले आहे. या पद्धतीची उणीव अशी की, कसोटीच्या आज्ञावली आधीपासून सर्वांना उपलब्ध असतात व साधने त्यांनाच अनुकूल अशी घडविली जाण्याचा संभव राहतो. तसेच कारखान्यांतील बंदिस्त आज्ञावलींचे त्या कितपत प्रतिनिधित्व करतात, हा प्रश्न उरतोच.

उत्सर्जन-चाचणीचे प्रकरण : कसोटी आधीच माहीत असल्याचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, हे २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन कंपनीच्या प्रकरणावरून दिसून आले. डिझेल मोटारींच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण प्रयोगशाळेत, रुळांवर चाके फिरवून व ठरावीक वेगक्रमानुसार मोजले जात असे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोटारीवरच बसविता येणाऱ्या उपकरणाने प्रत्यक्ष रस्त्यावर मोजमाप केले (२०१४). तपासलेल्या तीन मोटारींपैकी दोहोंचे उत्सर्जन मर्यादेच्या कित्येक पट आढळले. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण अभिकरणाने कंपनीस नोटीस दिली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारी व्यवस्था इंजिनाच्या आज्ञावलीत होती. जगभरातील सु. १ कोटी १० लाख मोटारींशी हे प्रकरण संबंधित होते. दोन वर्षांनी काही संशोधकांनी नियंत्रकांतील नऊशेहून अधिक आज्ञावलींचे विश्लेषण केले. त्यांना असे दिसले की, कापलेले अंतर व गेलेला वेळ यांचा आलेख चाचणीच्या ज्ञात वेगक्रमाशी जुळतो काय, हे आज्ञावली पाहत असे.

या कंपनीचा भारतातील कारखाना चाकण येथे २००९ मध्ये सुरू झाला. भारतातील मोटारींची तपासणी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या पुण्यातीलच संस्थेने केली. काही प्रतिमानांचे रस्त्यावरील उत्सर्जन भारत टप्पा ४ च्या मर्यादेच्या १·१ ते २·६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने आज्ञावलीत दुरुस्ती करण्यासाठी ३,२३,७०० मोटारी परत बोलाविण्याचे जाहीर केले; त्यांत चाकण येथे तयार झालेल्या पोलो व व्हेंटो यांच्या डिझेल आवृत्त्याही होत्या. भारतात असे उपकरण वापरल्याचे कंपनीने मान्य केले नाही. रस्त्यावरील उत्सर्जनाची मर्यादा भारतीय नियमांत नसल्याने नियमभंग झालेला नाही, असे तिचे म्हणणे होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये तिला ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीविरुद्ध सक्तीची कारवाई करण्यास मनाई केली.

कायदेशीर बाजू काहीही असो, मूल्यमापनशास्त्राच्या दृष्टीने कंपनीच्या युक्तिवादातच व्यवस्थेवरील खरी टीका आहे. भारतातील तत्कालीन चाचणीचा वेगक्रम निश्चित होता व त्यातील कमाल वेग ताशी ९० किमी. होता. कात्रजचा चढ, नाशिक रस्त्यावरील चाकणची कोंडी आणि द्रुतगती महामार्गावरील वेग यांपैकी कशाचेही त्यात यथार्थ प्रतिबिंब नव्हते. नगांची तपासणी काटेकोर होती. परंतु परिस्थितींचा नमुना एकच होता व तो परीक्षार्थीस पाठ होता. लोखंडाच्या तुकड्याला आपली तपासणी चालली आहे हे कळत नाही; आज्ञावलीला ते कळू शकते. म्हणून यंत्रभागांसाठी पुरेशी असणारी पद्धत आज्ञावलीसाठी अपुरी ठरते.

मूल्यमापन : या प्रकरणानंतर व्यवस्थेत सुधारणा झाली, हे नमूद केले पाहिजे. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ ची मानके आणि १ एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अट लागू झाली. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश देण्याचा अधिकार शासनास मिळाला. तरीही दोन उणिवा राहतात. पहिली म्हणजे, वाहनांच्या आज्ञावली व्यापारी गुपित म्हणून बंद असतात. त्यांविषयीचे संशोधन कंपनीच्या परवानगीने होते व प्रतिकूल निष्कर्ष क्वचितच प्रसिद्ध होतात. त्यामुळे एकाने केलेला अभ्यास दुसऱ्याने पुन्हा करून पाहणे, ही विज्ञानातील सर्वांत साधी खबरदारीही येथे कठीण होते. दुसरी म्हणजे, वाहन विकले गेल्यानंतरही त्यातील आज्ञावली दूरसंपर्काने बदलता येते. म्हणजे ज्या वस्तूला प्रमाणपत्र दिले ती वस्तूच पुढे तीच राहत नाही. प्रमाणपत्र आवृत्तीनिहाय देणे व वापरातील वाहनांची अधूनमधून पुन्हा तपासणी करणे हाच यावरील उपाय दिसतो.

अनुभवाधिष्ठित पद्धतींनी सॉफ्टवेअर अभियांत्रिकीस मतामतांच्या गलबल्यातून बाहेर काढले, हे त्यांचे कार्य निर्विवाद आहे. परंतु आकडा मिळाला म्हणजे पुरावा मिळाला, असे होत नाही. कोणत्याही चाचणीच्या किंवा प्रमाणपत्राच्या बाबतीत नमुना कशाचा घेतला, परिस्थिती कोणी निवडल्या व त्या परीक्षार्थीस आधी ठाऊक होत्या काय, आणि निष्कर्ष प्रतिकूल आला असता तर तो कोणास पाहावयास मिळाला असता, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील कारखान्यांत पहिला प्रश्न विचारण्याची सवय यंत्रभागांच्या संदर्भात दोन पिढ्यांपासून आहे. ती आज्ञावलींपर्यंत नेणे आणि तिला उरलेल्या दोन प्रश्नांची जोड देणे हे या शाखेपुढील पुढचे काम होय. या वाहनांच्या धुरात श्वास घेणाऱ्या व त्यांच्या ब्रेकवर विसंबणाऱ्या सर्वांचेच हित त्यात गुंतलेले आहे.